फोम लावूनही शेजाऱ्यांना आवाज का जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांचा मुलगा इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच हेडफोन लावून वाजवतो आणि ते स्वतः संध्याकाळी व्हायोलिनचा रियाज करतात. खालच्या घरातून सतत धपधप ऐकू येत असल्याची तक्रार आहे, तर शेजारच्या घराला व्हायोलिनचा त्रास होतो. यावर उपाय म्हणून त्यांनी खोलीच्या चारही भिंतींना फोमचे तक्ते चिकटवले, परंतु दोन्ही तक्रारी जशाच्या तशा राहिल्या. आता सामाईक भिंतीला लागून दुसरी भिंत उभी करावी का, असे ते विचारतात.

माझे उत्तर, निदान आजच्या घडीला, 'नाही' असे आहे. ध्वनिरोधनाच्या कामात बरीच वर्षे घालवल्यावर एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकतो, ती म्हणजे बहुतेक लोकांचा पैसा चुकीच्या साहित्यावर जात नाही, तो चुकीच्या वाटेवर जातो. आवाज कोणत्या वाटेने बाहेर पडतो हे न पाहताच उपाय केलेला असतो. या प्रश्नातल्या दोन तक्रारी वरवर एकसारख्या दिसत असल्या तरी त्यांची कारणे पूर्णपणे वेगळी आहेत, आणि फोम हा त्यांपैकी एकीवरही उपाय नाही.

आधी फोमचाच हिशेब करू, कारण हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. फोम, जाड पडदे, गालिचे आणि अंड्यांचे पुठ्ठे (हे शेवटचे तर फोमइतकेही उपयोगी नाहीत) यांचे काम खोलीतला प्रतिध्वनी शोषण्याचे असते. खोलीतले एकूण शोषण दुप्पट केले, तर खोलीत घुमणाऱ्या आवाजाची पातळी साधारण ३ डेसिबलने उतरते, आणि ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची घट लागते. शिवाय ५ सेंटिमीटर जाडीचा फोम उंच स्वरांवर चांगला चालतो, पण १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या खर्जातल्या, आवाजाची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते आणि तिला असा फोम जवळपास नसल्यासारखाच असतो. आवाज पलीकडे जाऊ न देण्याचे काम वजन करते, आणि फोमला वजन नसते. तरीही लावलेला फोम काढून टाकू नका. बंद, लहान आणि घुमणाऱ्या खोलीत वाजवणाऱ्याच्या स्वतःच्या कानांवर अधिक भार पडतो, तो फोममुळे थोडा हलका होतो. फक्त त्याच्याकडून शेजाऱ्यांच्या सुखाची अपेक्षा ठेवू नका.

दुसरे काहीही करण्यापूर्वी एक चाचणी करा. तिला खर्च काहीच नाही, केवळ थोडा संकोच बाजूला ठेवावा लागतो. शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या घरात, ज्या खोलीत त्रास होतो त्याच खोलीत जाऊन उभे राहा आणि आपल्या घरात नेहमीच्या पद्धतीने, नेहमीच्या जोराने वाजवायला सांगा. मग कान भिंतीला लावून, खिडकीपाशी, दाराच्या फटीपाशी आणि जिन्याकडच्या बाजूला असे क्रमाने ऐका. खालच्या घरात भिंतीला किंवा खांबाला तळहात टेकवून पाहा, कारण कंपन कानाआधी हाताला कळते. मोबाईलवरचे ध्वनिमापक ॲप तुलनेपुरते वापरायला हरकत नाही, पण त्यातले नेहमीचे 'ए' भारांकन (कोणत्या स्वराला किती महत्त्व द्यायचे, ही मोजणीची पद्धत) मानवी कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे खर्जातल्या आवाजाची बरीच वजावट करते. त्यामुळे ड्रमच्या धपधपीसाठी तो आकडा फसवा ठरतो, आणि ॲपमध्ये 'सी' भारांकनाची सोय असेल तर ते निवडावे. या भेटीचा आणखी एक फायदा असा की, तक्रार करणाऱ्याला आपले म्हणणे खरे मानले गेल्याचे दिसते आणि पुढचे बोलणे सोपे होते.

आता ड्रमसंचाकडे येऊ. हेडफोन लावलेले असताना खाली आवाज जातोच कसा, हे वाजवणाऱ्याला पटत नाही, कारण त्याच्या खोलीत तर काठ्यांच्या टकटकीपलीकडे काही ऐकू येत नाही. परंतु बास ड्रमच्या पायपट्टीचा प्रत्येक फटका जमिनीवर हातोडीने ठोकल्यासारखा स्लॅबमध्ये उतरतो. स्लॅब हा मोठा, सलग आणि कडक पडदाच असल्याने खालच्या घराचे अख्खे छत मग ढोलासारखे वाजते. हा हवेतून जाणारा आवाज नव्हे, तर बांधकामातून जाणारे कंपन आहे. त्यामुळे भिंतीवर काहीही लावले तरी त्याला अडवता येत नाही. त्याला एकच उपाय आहे, तो म्हणजे संच आणि जमीन यांच्यामध्ये पुरेशी मऊ स्प्रिंग ठेवणे.

इथे 'पुरेशी' या शब्दावर सारे अवलंबून आहे. कोणत्याही मऊ आधारावर वजन ठेवले की ते वजन आणि तो आधार मिळून एका ठरावीक नैसर्गिक वारंवारतेने डोलतात. आधार वजनाखाली १ मिलिमीटर दबला तर ही वारंवारता साधारण १६ हर्ट्झ येते. तो १० मिलिमीटर दबला तर ५ हर्ट्झ, आणि एक दशांश मिलिमीटरच दबला तर ५० हर्ट्झ. कंपनाची वारंवारता या नैसर्गिक वारंवारतेच्या साधारण १.४ पट झाल्यानंतरच रोधन सुरू होते. तिच्या आसपास असताना कंपन कमी होण्याऐवजी वाढते. आता विचार करा, बाजारात मिळणारी पातळ, टणक रबरी चटई संचाखाली घातली तर ती जेमतेम दबते, तिची नैसर्गिक वारंवारता नेमकी पायपट्टीच्या धपकीच्या पट्ट्यात येते, आणि खालच्या शेजाऱ्याला आधीपेक्षा जास्तच ऐकू येऊ शकते. 'चटई घातली तरी फरक नाही' या नेहमीच्या तक्रारीमागचे कारण हेच आहे.

टेनिसच्या चेंडूंवर उभारलेला मंच ड्रमवादकांमध्ये प्रसिद्ध आहे. तो हौशी वाटत असला, तरी त्यामागचे गणित पक्के आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांनुसार नेहमीच्या प्रकारचा चेंडू सुमारे ८ किलो भाराखाली ५.६ ते ७.४ मिलिमीटर दबला पाहिजे. म्हणजे प्रत्येक चेंडूवर साधारण ८ किलो भार येईल अशी रचना केली की नैसर्गिक वारंवारता ६ ते ७ हर्ट्झच्या घरात येते. प्रत्यक्षात ती थोडी वर जाते, पण धपकीच्या तुलनेत ती पुरेशी खाली राहते. संच, वादक, बैठक आणि फळ्या यांचे एकूण वजन १३० किलो असेल, तर १६ चेंडू लागतील. खालच्या फळीला चेंडू अर्धवट बसतील इतकी गोल भोके पाडावीत, वर जाड प्लायवूडचे दोन थर स्क्रूने एकत्र बांधावेत आणि पायपट्टीखाली व बैठकीखाली चेंडू थोडे दाट ठेवावेत. वादकाची बैठक मंचावरच हवी, नाहीतर त्याच्या टाचेचा ठेका बैठकीच्या पायांतून थेट जमिनीत जातो. मंच भिंतीला किंवा कपाटाला कोठेही टेकता कामा नये, कारण एका कोपऱ्याचा स्पर्शही सगळी मेहनत वाया घालवतो. चेंडूंमधली हवा हळूहळू कमी होत असल्याने अधूनमधून वरची फळी उचलून ते पाहावेत आणि मऊ पडलेले बदलावेत. याच्या जोडीला पॅड रबराचे असतील तर जाळीचे घ्यावेत आणि पायपट्टीच्या कठीण टोकाऐवजी मऊ नमद्याचे टोक लावावे. उगमापाशी कमी झालेल्या प्रत्येक फटक्याचे पुढे काहीच करावे लागत नाही.

व्हायोलिनचे गणित याच्या उलट आहे. त्याची सर्वांत खालची तार १९६ हर्ट्झवर असते, त्यामुळे त्याचा बहुतेक आवाज मध्यम आणि उंच वारंवारतांमध्ये येतो. या वारंवारता विटांची भिंत एरवी चांगली अडवते. भिंतीचे वजन दुप्पट केले किंवा आवाजाची वारंवारता दुप्पट झाली, तर रोधन प्रत्येकी सुमारे ५ ते ६ डेसिबलने वाढते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून व्हायोलिन शेजारी ऐकू येत असेल तर माझा पहिला संशय भिंतीवर नसून फटींवर जातो. समजा, ९० सेंटिमीटर रुंद आणि २१० सेंटिमीटर उंच दाराखाली १ सेंटिमीटरची फट आहे. तिचे क्षेत्रफळ दाराच्या अर्धा टक्काच भरते, पण तेवढ्यामुळे ते दार कितीही जड केले तरी त्याचे रोधन सुमारे २३ डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे पोकळ दाराच्या जागी महागडे भरीव दार बसवून खालची फट तशीच ठेवणे, ही निव्वळ उधळपट्टी आहे. आधी चौकटीच्या तिन्ही बाजूंना दाबली जाणारी रबरी पट्टी लावावी, खाली उंबरठा किंवा दार बंद झाल्यावर आपोआप खाली उतरणारी पट्टी बसवावी, चौकट आणि भिंत यांच्यातली भेग लवचीक सीलंटने बुजवावी, आणि त्यानंतरच दाराचे वजन वाढवण्याचा विचार करावा.

भिंतीतही छुप्या फटी असतात. विजेच्या स्विचचे डबे दोन्ही घरांत पाठीला पाठ लावून बसवलेले असतात, तेव्हा तिथे भिंत केवळ नावापुरती उरते. नळ्या भिंतीतून जातात तिथली गिलाव्याखालची पोकळी, कपाटामागे कधीच न बुजवलेले जुने भोक आणि दोन्ही घरांना जोडणारी हवेची वाहिनी हीसुद्धा तशीच ठिकाणे आहेत. एका घरात मालकांनी सामाईक भिंतीवर जड आवरण चढवून घेतले होते आणि तरीही शेजारी वाद्य स्पष्ट ऐकू येत होते. तासभर शोधल्यावर कळले की दोन्ही घरांच्या न्हाणीघरांना एकच वायुवीजन पोकळी होती आणि रियाजाच्या खोलीचे दार त्या न्हाणीघराकडे उघडे राहत असे. दार बंद ठेवल्यावर जो फरक पडला, तो त्या आवरणाने पडला नव्हता. उघडी खिडकी हा तर याहून मोठा मार्ग आहे. खिडकी बंद करूनही आवाज तिच्यातूनच जात असेल, तर मूळ काचेपासून १० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त अंतरावर आतून दुसरी, वेगळ्या जाडीची आणि कडांना घट्ट बसणारी काच लावणे फायद्याचे ठरते. दोन्ही काचांमध्ये थोडेच अंतर ठेवले तर अपेक्षित परिणाम मिळत नाही.

त्याच वेळी व्हायोलिनच्या आवाजाला उगमापाशीही आवरता येते. घोडीवर, म्हणजे तारांखालच्या लाकडी आधारावर, बसवायचा आवाज दाबणारा सरावाचा म्यूट, रबराचा किंवा धातूचा, हा कोणत्याही भिंतीपेक्षा स्वस्त आणि जलद उपाय आहे. धातूचा म्यूट जास्त आवाज कमी करतो, मात्र तो निसटून वाद्याच्या पॉलिशवर पडू शकतो, म्हणून मी रबराचा पसंत करतो. म्यूटचा तोटाही सांगितला पाहिजे. गजाचा प्रतिसाद बदलतो आणि स्वराचा पोत हाताळण्याचा सराव नीट होत नाही. म्हणून बोटांचे व्यायाम, स्वरसप्तके आणि अवघड जागा पुन्हा पुन्हा घासणे हे म्यूट लावून करावे, आणि स्वराच्या रंगावरचे काम ठरलेल्या वेळेत उघड्या वाद्यावर करावे. व्हायोलिनवादकाच्या डाव्या कानाला ८५ ते ९५ डेसिबलचा आवाज सहज लागतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था निऑशच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ डेसिबलला १ तासच. तेव्हा म्यूट हा शेजाऱ्यांसाठी केलेला त्याग आहे असे समजू नका, तुमच्या श्रवणाचाही त्यात लाभ आहे.

वेळेचा मुद्दा लोक सौजन्याचा समजतात, पण त्यामागेही भौतिकशास्त्र आहे. समजा, तुमच्या खोलीत वाद्याची पातळी ८० डेसिबल आहे आणि भिंत ४५ डेसिबल अडवते. पलीकडे ३५ डेसिबल पोहोचतात. दिवसा त्या घरात पंखा, रहदारी, स्वयंपाकघर यांची मिळून ४० ते ४५ डेसिबलची पार्श्वभूमी असेल, तर तुमचे वाद्य त्यात बुडून जाते. रात्री तीच पार्श्वभूमी ३० वर किंवा त्याखाली उतरते आणि तेच ३५ डेसिबल उशाशी वाजल्यासारखे वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शयनगृहासाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचवलेली आहे, हे लक्षात घेतले तर हिशेब अधिक स्पष्ट होतो. याशिवाय रियाजाचा त्रास केवळ मोठ्या आवाजाचा नसतो. तोच चार मात्रांचा तुकडा चाळीस वेळा, दर वेळी त्याच जागी चुकत ऐकणे आणि तो केव्हा थांबेल हे माहीत नसणे, याने माणूस हैराण होतो. म्हणून शेजाऱ्यांना ठरलेली वेळ आणि निश्चित शेवट सांगून तो पाळणे, याचा परिणाम अनेकदा ५–६ डेसिबलच्या बांधकामापेक्षा जास्त होतो. वेळ ठरवताना तुमच्या सोयीपेक्षा आधी त्यांच्या घरात कोण, केव्हा झोपते हे विचारावे; रात्रपाळीचा माणूस असेल तर दुपार ही त्याची मध्यरात्र असते.

याच प्रकारचे प्रश्न अन्य वाद्यांबाबतही येतात, म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यात लिहितो. उभ्या पियानोची ध्वनिफळी मागच्या बाजूला असते, त्यामुळे तो सामाईक भिंतीला चिकटवणे ही सर्वांत वाईट जागा होय. त्याला आतल्या भिंतीकडे हलवावे, पायांखाली मऊ रबरी वाट्या ठेवाव्यात, आणि मधल्या पायपट्टीला सरावाची नमद्याची पट्टी जोडलेली असेल तर ती वापरावी. डिजिटल पियानोला हेडफोन असले, तरी पट्ट्यांचा ठोका स्टँडमधून जमिनीत उतरतो, म्हणून ड्रमसंचाचेच तत्त्व त्यालाही लागू होते. पितळी सुषिर वाद्यांना सरावाचा म्यूट उत्तम चालतो, पण त्याने फुंकेला अधिक विरोध होतो आणि स्वर चढतो, हे ध्यानात ठेवून रोजचा सगळा रियाज त्यावर करू नये. तबल्याच्या बाबतीत उंच चाटीपेक्षा डग्ग्याची घुमक जास्त दूर जाते. जाड चुंबळीखाली आणखी एक घट्ट घडीची सतरंजी आणि बैठकीखाली मंच असला की जमिनीतून जाणारा भाग बराच उतरतो, आणि बोटांच्या तयारीसाठी पुडीवर पातळ कापड टाकून वाजवता येते. गाणाऱ्यांनी मात्र शेजाऱ्यांच्या भीतीने दबक्या, हवा मिसळलेल्या आवाजात रोज गाण्याची सवय लावून घेऊ नये. बारीक नळीतून स्वर लावण्याचा व्यायाम आवाजही कमी करतो आणि कंठालाही मानवतो. पूर्ण गळ्याचे गाणे मग ठरलेल्या वेळेला ठेवावे. इलेक्ट्रॉनिक तंबोरा जमिनीवर किंवा भिंतीतल्या फळीवर ठेवण्याची चूक फार जण करतात. त्याला जाड स्पंजाच्या तुकड्यावर ठेवले की काम भागते.

आता दुहेरी भिंतीचा मूळ प्रश्न. फटी बुजवल्या, म्यूट वापरला, मंच बांधला आणि तरीही पुन्हा केलेल्या चाचणीत आवाज निर्विवादपणे भिंतीतूनच येताना आढळला, तरच याकडे वळावे. सर्वांत मोठी चूक अशी होते की जुन्या भिंतीवर अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्या ठोकून त्यावर एक जिप्सम बोर्ड बसवला जातो. भिंत आणि बोर्ड यांच्यामधली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. दर चौरस मीटरला १० किलो वजनाचा बोर्ड आणि अडीच सेंटिमीटर पोकळी असेल, तर ही जोडी साधारण १२० हर्ट्झला डोलते, आणि त्या स्वरांवर नवी भिंत जुन्या नुसत्या भिंतीपेक्षा वाईट ठरते. बोर्डाचे दोन थर मिळून दर चौरस मीटरला २५ किलो आणि पोकळी १० सेंटिमीटर केली, तर तोच आकडा ३८ हर्ट्झच्या आसपास उतरतो आणि वाद्यांच्या बहुतेक पट्ट्याला खरा लाभ मिळतो. नव्या भिंतीचा सांगाडा जुन्या भिंतीला कोठेही जोडलेला नसावा, पोकळीत रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) सैलसर भरावे, बोर्डांचे सांधे एकमेकांवर येऊ देऊ नयेत आणि सर्व कडा सीलंटने बंद कराव्यात. तरीही आवाज स्लॅब आणि आडव्या भिंतींमधून वळसा घालून पलीकडे जातोच; त्यामुळे एकाच भिंतीवर खर्च केल्यास कागदावरच्या आकड्यांपेक्षा प्रत्यक्षातली घट बरीच कमी भरते.

खोलीत खोली उभारण्याचा, म्हणजे जमीन, भिंती आणि छत सगळेच वेगळे करण्याचा उपाय सर्वांत प्रभावी आहे, पण त्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी. पहिली, स्लॅबला ते वजन पेलेल का, हे बांधकाम अभियंत्याला विचारल्याशिवाय एकही जड बोर्ड वर चढवू नये. दुसरी, हवाबंद खोलीत माणसाला श्वास घ्यायचा असतो. आवाज जात नाही तिथून हवाही जात नाही, आणि तासभर बंद खोलीत वाजवून डोके जड झाले की लोक दार उघडतात आणि केलेले सगळे निष्फळ होते. त्यासाठी आतून रॉकवूलचे अस्तर असलेली, दोन-तीन वळणे घेतलेली वाहिनी आणि मंद गतीचा पंखा आराखड्यातच घ्यावा लागतो, मागाहून भिंत फोडून नव्हे.

तुमच्या घरापुरता क्रम असा ठेवा की या आठवड्यात मंच आणि म्यूट, पुढच्या आठवड्यात दार व खिडकीच्या फटी, आणि त्यानंतर पुन्हा एकदा दोन्ही शेजाऱ्यांच्या खोलीत उभे राहून तीच चाचणी, त्याच वेळी, त्याच जोराने. त्या दिवशी जे कानावर पडेल ते लिहून ठेवा, आणि भिंतीचे काम करणाऱ्याला बोलावण्याची वेळ आलीच तर अंदाजपत्रक मागण्याआधी तो कागद त्याच्या हाती द्या.